अक्कांची काळी चार

घर भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतात, याचा बेंगळुरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच मला चांगला अनुभव आला होता. मांसमच्छी खाता का, पाहुणे किती येतात, नोकरी सरकारी का खाजगी. बसवनगुडीतल्या त्या दुमजली घराच्या मालकीणबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. मला व्हरांड्यात उभं केलं, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "नाव सांग बघू. वरडू नको. बोलतोस तसंच सांग."

मी नाव सांगितलं.

"पांढरी एक," त्या म्हणाल्या. "चालतंय. बायको कुठं हाय?"

बायको फाटकाबाहेर रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती. बाईंनी तिकडे कान दिला, डोळे मिटले. "पांढरी पाच. जरा चढी हाय, खरं गोड हाय. या राहायला."

मागच्या भाडेकरूला त्यांनी घालवलं होतं, कारण तो फोनवर काळी पाचमध्ये बोलायचा. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी नुसता मान डोलावत राहिलो. जिना चढताना बायको हळूच म्हणाली, "आपण पास झालो, एवढं मला कळलं. परीक्षा कसली होती?"

आम्ही तिथे सहा वर्षं राहिलो. मी एका सरकारी कंपनीत इंजिनीअर, मूळचा साताऱ्याचा. त्या मूळच्या निपाणीच्या, पण पन्नास वर्षं बेंगळुरात मुरलेल्या. त्यांची मराठी तिकडच्या बायकांसारखी, 'मी जातो, मी गातो' अशी. 'पण' म्हणायचं असलं की त्या 'खरं' म्हणत, आणि मधूनमधून कन्नडची फोडणी असे. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मला मात्र त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी पहिल्या दिवसापासून 'इंजिनेर'.

अक्का पॉप गायिका होत्या. होत्या म्हणजे मी त्यांना पाहिलं तेव्हाही होत्या, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. 'पूर्वी गात होता ना तुम्ही?' असं कोणी विचारलं तर त्या चष्मा नाकावर घसरवून त्या माणसाकडे इतका वेळ बघायच्या की तो बिचारा स्वतःच विषय बदलायचा. लग्नाची रिसेप्शन, ज्येष्ठ नागरिकांचे मेळावे, सोसायट्यांचे सण असे महिन्याला दोन-तीन कार्यक्रम ठरलेले. साडीवर चंदेरी टिकल्यांचा कोट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, केस गडद तपकिरी रंगवलेले. या अवतारात त्या संध्याकाळी पाच वाजता फाटकातून बाहेर पडल्या की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री उभी करून ठेवायचा आणि दोन्ही हात जोडायचा.

तरुणपणी त्या कँटोनमेंटमधल्या एका रेस्टॉरंटात बँडबरोबर गायच्या. त्या काळात त्यांची एक छोटी तबकडी निघाली होती. पाकिटावर बेलबॉटम घातलेल्या, कमरेवर हात ठेवलेल्या अक्का. गाणं कन्नड होतं. एका मुलीची स्कूटर चौकात बंद पडते आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना म्हणते, 'तळ्ळी', म्हणजे ढकला. एवढीच गोष्ट. शेवटी ते 'तळ्ळी' उंच उंच जातं आणि तिथेच लटकत राहतं. अक्का प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने करायच्या. दोन्ही हात पुढे करून न दिसणारी स्कूटर ढकलायच्या आणि लोकही हात पुढे करायचे. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं. बहात्तर वर्षांची बाई, हे काय चाललंय. मग माझ्या लक्षात आलं की माझेही हात पुढे आहेत.

कार्यक्रमानंतर त्या टाळ्यांबद्दल कधी बोलायच्या नाहीत. "तिसऱ्या रांगेतला निळा शर्ट फोन बघत होता," एवढंच म्हणायच्या आणि आइस्क्रीम खायच्या. दही नाही, लोणचं नाही, थंड पाणी नाही. पण गाणं झालं की आइस्क्रीम. 'आता काय घसा दोन आठवडं रिकामा हाय की.'

सकाळी अकरापर्यंत अक्का बोलत नसत. मौन वगैरे काही नाही, देवाधर्माशी त्याचा संबंध नव्हता. 'उठल्या उठल्या गळा कच्चा असतो, त्याला हात लावू नये,' हे त्यांचं शास्त्र. तोपर्यंतचा कारभार जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे चिठ्ठ्या लिहून चालायचा. त्या चिठ्ठ्या आमच्या दाराखालून सरकत यायच्या. 'पाणी आलंय. टाकी भर.' 'बायकोला सांग, पोहे छान झाले होते, मिरची स्वल्प कमी.' 'तुमचा कुकर पांढरी तीनमध्ये शिट्टी मारालाय. काल काळी दोन होता. रबर बघा.' आम्ही रबर बघितलं तर खरंच एका बाजूने फाटलं होतं.

ज्यांनी कधी पेटी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीच्या ज्या पट्टीवर गाणारा आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. आपण जसा माणूस उंचीवरून ओळखतो तशा अक्का जगाला पट्टीवरून ओळखत. रिक्षाचा भोंगा, मिक्सर, गल्लीतल्या देवळाची घंटा, सगळ्यांच्या पट्ट्या त्यांना पाठ. घरात पेटी नव्हती. "कशाला? कान हाय की." मी खोटं बोललो की माझा आवाज पांढरी दोनवर जातो, असं त्यांनी मला एकदा सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून बायकोला तो एक चाळाच लागला. मी उशिरा घरी आलो की ती खाली वाकून विचारायची, "अक्का, कितवी?"

त्यांची स्वतःची पट्टी काळी चार. तरुण बाईला ती सहज पेलते. बहात्तराव्या वर्षी ती टिकवणं म्हणजे गंमत नाही. आणि त्याबद्दल त्यांचा एक नियम होता. तो त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला होता की मी झोपेतही म्हटला असता. "पट्टी उतरली की बसायचं. उद्या न्हाई, परवा न्हाई. त्याच दिवशी माईक ठेवायचा."

हा नियम आला कुठून, हे मला खूप दिवस ठाऊक नव्हतं. मला चौकशा करायची खोडच आहे. बायको म्हणते, तू माणसाला भेटत नाहीस, उघडून बघतोस. पण ही गोष्ट विचारून कळली नाही. एका दुपारी हरभरे सोलता सोलता अक्कांनी आपणहून सांगितली.

त्या रेस्टॉरंटातल्या बँडचे मुख्य गायक बेंगळूरच्या जुन्या मराठी घरातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अक्कांना तिथे आणलं त्यांनीच, माईक तोंडापासून किती लांब धरायचा ते शिकवलं त्यांनीच. एका शनिवारी सरावाच्या वेळी अण्णांनी बँडला सांगितलं, घसा बरा नाही, माझं गाणं आज दोन पट्ट्या खाली घ्या. ते तेव्हा पंचेचाळिशीचे होते, अक्का तिशीच्या. "मी सगळ्या बँडफुडं बोललो," अक्का म्हणाल्या. "पट्टी उतरवायची तर गायचं कशाला? बसा की आता." अण्णा हसले. माईक स्टँडला लावला, कपातला राहिलेला चहा पिऊन टाकला आणि गेले. पुन्हा कुठेही गायले नाहीत.

"मग तुम्ही कधी..." मी विचारायला लागलो.

"वाटाणं बी सोलायचं हायत," अक्का म्हणाल्या.

अण्णा आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायचे. इतकी वर्षं, चालत सहा मिनिटांवर, आणि अक्का त्या गल्लीतून जायच्या नाहीत; भाजीला जायचं तरी वळसा घालून जायच्या. पण दर दिवाळीला स्टीलच्या डब्यात चकल्या भरून त्यांच्याकडे पाठवायच्या. आधी मागचा भाडेकरू न्यायचा, मग ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा दोन फळ्यांच्या दाराची एकच फळी उघडली. सत्त्याऐंशी वर्षांचा उंच, कोरडा माणूस. डबा घेतला, आणि मी कोण, कुठला, काही न विचारता म्हणाले, "अजून काळी चारच का?"

मी म्हटलं, "हो."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच ते म्हणाले आणि फळी लावली.

आठवड्याने डबा परत आणायला जायचं. डबा घासूनपुसून लख्ख, पण रिकामा कधी नाही. आत कागदाची पुडी, तिच्यात खडीसाखर आणि मिरे. गाणाऱ्याच्या घशाला लागतात ते. अक्का पुडी उघडून बघायच्या आणि म्हणायच्या, "रिकामा डबा कोण देत न्हाईत, म्हणून दिलंय." पण प्रत्येक कार्यक्रमाआधी त्या जिभेखाली ठेवायच्या ती खडीसाखर त्याच पुडीतली असायची, हे मी पाहिलेलं आहे. 'अजून काळी चारच का?' हा टोमणा होता का चौकशी, ते मात्र मला सहाही वर्षं उलगडलं नाही. चकल्यांच्या त्या फेऱ्यांत दार पुरतं उघडलेलंही मी कधी पाहिलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती एका नादुरुस्त रेकॉर्ड प्लेअरपासून सुरू झाली, आणि तो प्लेअर नादुरुस्त नव्हता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अक्का आपली तबकडी एकदा लावून ऐकायच्या. सहाव्या वर्षी त्यांनी मला खाली बोलावलं. "इंजिनेर, ह्यो प्लेअर जोरात पळालाय बघ. गाणं चढं येतंय." गेल्या काही वर्षांत तीन मेकॅनिक झाले होते. प्रत्येकाने पट्टा बदलला, तेल घातलं, आता बरोबर आहे म्हणाला. आणि अक्का म्हणाल्या, 'अल्ला', म्हणजे छे, पळतोयच. तिघंही चोर, असा त्यांचा निकाल होता. मी तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला पंचेचाळीस. पुन्हा मोजले. पंचेचाळीस. त्या तबकडीला जेवढे हवेत तेवढेच.

तिथेच 'बरोबर आहे' म्हणून उठलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण मग प्लेअर पळतोय असं यांना का वाटतंय, हा किडा डोक्यात शिरला. माझ्या फोनमध्ये सूर ओळखणारं एक ॲप होतं. महिनाभर मी चोरून त्यावर आवाज मोजत होतो. अक्का म्हणाल्या, कुकर काळी दोन. फोन म्हणाला, काळी एक. घंटा, भोंगा, दारावरची बेल, सगळीकडे तेच. अक्का सांगत त्याच्या खाली, काळ्या-पांढऱ्या मिळून बरोबर दोन पट्ट्या. एकदाही तीन नाही, एकदाही एक नाही. मीही त्यांच्या हिशेबाने पांढरी एक होतो; फोनच्या हिशेबाने त्याहून दोन खाली निघालो. आमच्या प्रयोगशाळेत ध्वनीवर काम करणारा एक मित्र आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ज्यांचा कान असा पक्का असतो त्यांच्यातल्या काहींचा उतारवयात सरकतो. सगळंच जरा चढं ऐकू यायला लागतं. त्यांना स्वतःला ते कळत नाही. कळणार कशाने? मोजायला दुसरा कान कुठे असतो?

म्हणजे प्लेअर बरोबर होता आणि अक्कांचा कान दोन पट्ट्या वर गेला होता. मग बँडबरोबर त्या गातात कशा? तिथे कीबोर्ड चढा कसा वाटत नाही?

कीबोर्ड वाजवणारे मास्तर हुबळीचे. अक्कांबरोबर वीस वर्षं. मी त्यांना चहाला गाठलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं, पिशवीतून कीबोर्ड अर्धा बाहेर काढला आणि त्याच्या छोट्या खिडकीतला आकडा दाखवला. उणे दोन.

"सात वर्षं झाली सार," मास्तर म्हणाले. "आवाज फाटायला लागला होता. सांगणार कोण? त्यांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून एक दिवस मी गुपचूप एक खाली घेतलं. मला वाटलं, आता चप्पल येते बघा. तर म्हणतात काय, 'मास्तर, आज कीबोर्ड बरोबर लागलाय, इतके दिवस चढा होता.' पुढच्या वर्षी आणखी एक. कृपा करून बोलू नका सार. बोललात तर त्या थांबणार. थांबल्या की मग काय राहतंय?"

गळा उतरला होता आणि कान चढला होता, दोन्ही सारखेच, आणि मधल्या फटीत मास्तर उणे दोनचा आकडा लावून बसले होते. मला ही व्यवस्था इतकी सुंदर वाटली की घरी येऊन मी बायकोला कागदावर काढून दाखवली.

"छान," ती म्हणाली. "आता तो कागद फाड. आणि तुझं तोंड बंद ठेव."

त्या वर्षीही दिवाळीला मी डबा घेऊन गेलो. अण्णांनी विचारलं, "अजून काळी चारच का?" मी हो म्हटलं. माझा आवाज नक्की पांढरी दोनवर गेला असणार. अण्णा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग "सरी" म्हणाले.

नोव्हेंबरात कर्नाटक राज्योत्सवाचे कार्यक्रम महिनाभर चालतात. त्यातला एक सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत होता. दोन दिवस आधी मास्तरांची मुलगी बाळंतपणाला हुबळीला दाखल झाली आणि मास्तर तिकडे पळाले. सोसायटीवाले म्हणाले, काळजी करू नका, आमच्याकडे एक फार चांगला कीबोर्ड वाजवणारा आहे. मास्तरांनी गाडीतून मला फोन केला. "सार, त्या माणसाला कानात सांगा. उणे दोन. विसरू नका हं."

मी विसरलो नाही. कार्यक्रमाआधी अर्धा तास मी त्या तरुणाशेजारी उभा होतो. पुण्याचा पोरगेला इंजिनीअर, महादेवपुऱ्याला नोकरी, उत्साहाने नुसता उतू चाललेला. "सर, आंटींचं रेकॉर्ड मला ऑनलाइन मिळालं. सेम टू सेम बसवलंय, ओरिजिनल स्केल!" तेव्हा मला सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम. मी सांगितलं नाही. नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली: गडबड होती, अक्का जवळच उभ्या होत्या, कदाचित त्यांना झेपेलही. यातलं एकही खरं नाही. मला बघायचं होतं काय होतं ते. हे लिहितानाही माझी मान खाली जाते.

आधीची गाणी निभावली. ती सगळी बुटकी गाणी होती, त्यात फार उंच जावं लागत नव्हतं. अक्का दोनदा कीबोर्डकडे वळून बघताना मात्र मला दिसल्या. मग शेवटी स्कूटर आली. तीनशे माणसं, पहिल्या रांगेत खुर्च्यांवर उभी राहिलेली पोरं. अक्कांनी हात पुढे केले, लोकांनी केले. 'तळ्ळी' वर जायला लागलं, आणि अर्ध्यावर त्यांचा आवाज चक्क फाटला. कापड फाटावं तसा, माईकमधून, सगळ्यांना ऐकू येईल असा.

अक्कांनी हात वर करून बँड थांबवला. "कीबोर्ड चढा हाय," त्या म्हणाल्या.

"नाही आंटी," तो बिचारा म्हणाला, "ओरिजिनल स्केलच आहे. काळी चार. मी रेकॉर्डवरूनच..."

"इंजिनेर!" अक्कांनी माईकमधूनच हाक मारली. "फोन घेऊन ये वर. ते तुझं सूर बघायचं हाय न्हाई का, ते घेऊन ये."

म्हणजे माझं चोरून मोजणं त्यांना ठाऊक होतं. मी स्टेजवर गेलो. त्या तरुणाने सा दाबला, मी फोन धरला. काय दिसणार ते मला आधीच माहीत होतं. 'हो अक्का, चढा आहे' एवढं म्हटलं असतं की सगळं मिटलं असतं. तो पोरगा दोन शिव्या खाऊन गप्प बसला असता, मास्तर हुबळीहून परत आले असते, आणखी दोन-चार वर्षं तशीच गेली असती. अक्कांनी चष्मा काढला होता. त्यांचे डोळे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, मान कलती करून माझ्या आवाजाची वाट बघत होत्या.

"काळी चार आहे, अक्का," मी म्हणालो.

"आणि मास्तर कशात वाजवतोय?"

मी फोन खिशात घातला. अक्का हळूच म्हणाल्या, "म्हंजे प्लेअर बरोबर हाय तर."

हे माईकमधून तीनशे लोकांनी ऐकलं आणि कोणालाच काही कळलं नाही. कोणीतरी हसलंसुद्धा.

अक्का माईक घेऊन स्टँडकडे चालू लागल्या. चार पावलं असतील. मला डोळ्यांपुढे तो रेस्टॉरंटातला शनिवार दिसत होता, जो मी पाहिलेला नाही. माझ्यामुळे हे झालं, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. त्या स्टँडपाशी पोचल्या. माईक वर नेला. आणि तो तिथे लावायच्या ऐवजी त्या वळल्या आणि त्या तरुणाला म्हणाल्या, "ए बाळ. दोन पट्ट्या खाली घे."

त्याने बटण दाबलं. अक्का गायल्या. स्कूटर ढकलली, 'तळ्ळी' वर गेलं आणि तिथे लटकत राहिलं, लोकांनी आरडाओरडा करून सगळी सोसायटी डोक्यावर घेतली. मी सहा वर्षं ऐकत होतो तेच गाणं होतं, त्याच पट्टीत, तसंच. फरक एवढाच की आता त्यांना ते माहीत होतं.

परतताना सर्जापूर रोडच्या गर्दीत आमची टॅक्सी तासभर अडकली. अक्कांनी आइस्क्रीम मागितलं नाही. शेवटी मला राहवेना. मी म्हणालो, "अक्का, मास्तर सहा वर्षं दोन पट्ट्या खाली वाजवतायत. त्यांनी मला त्या मुलाला तसं सांगून ठेवायला सांगितलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"ठाऊक हाय," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "संध्याकाळपासून पांढरी दोनमध्ये बोलालायस." घर जवळ आलं तेव्हा पुन्हा बोलल्या. "मी अण्णाला बसा म्हटलो होतो रे. नुसता घसा धरला होता त्याचा. दोनच पट्ट्या मागितल्या होत्या."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता खालून हाक आली. "इंजिनेर!" बायकोच्या हातातलं भांडं पडलं. सहा वर्षांत आम्ही अक्कांचा सकाळचा आवाज ऐकलाच नव्हता. खरखरीत, जाड, म्हाताऱ्या बाईचा आवाज. मी जिन्यावरून वाकून पाहिलं. साधी सुती साडी, चष्मा नाही, हातात स्टीलचा डबा. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता.

"चल," त्या म्हणाल्या. "हे तू धर."

दोन गल्ल्या आम्ही चालत गेलो. वळसा नाही. अण्णांच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत; मी वरच्या पायरीवर चढलो, अक्का खालीच थांबल्या, माझ्या मागे. मी कडी वाजवली. एक फळी उघडली. अण्णांना आताशा नीट दिसत नव्हतं. त्यांना डबा दिसला आणि मी दिसलो. अवेळी आलो म्हणून त्यांनी आश्चर्यही दाखवलं नाही. सवयीने विचारलं, "अजून काळी चारच का?"

मी बोलणार तेवढ्यात मागून तो सकाळचा खरखरीत आवाज आला.

"न्हाई अण्णा. काळी तीन. सहा वर्षं झाली."

आवाज ओळखायला अण्णांना थोडा वेळ लागला असावा, किंवा लागला नसावा. मला सांगता येणार नाही. मग त्यांनी वाकून दुसऱ्या फळीचा खालचा खटका वर ओढला. तो गंजला होता, पटकन निघेना. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. दोन्ही फळ्या उघडल्या.

"मग आत ये की," ते म्हणाले.

अक्का माझ्या बाजूने वर चढल्या आणि आत गेल्या. डबा माझ्याच हातात राहिला.